कमांडर मगदूमांचा आरमारी इतिहास

कमांडर मगदूम मंगळवारी सकाळी गेले. मी वरच्या मजल्यावर पेपर वाचत होतो. मगदूम वहिनींनी येऊन दार वाजवले आणि त्या म्हणाल्या, "भाऊजी, खाली या." मी खाली गेलो. डॉक्टर आले आणि त्यांनी सांगितले. दुपारी आम्ही पंचगंगेवरच्या स्मशानातून परत आलो.

त्या दिवसापासून लोक त्यांच्याविषयी चांगले बोलू लागले आहेत. ही गोष्ट त्यांना सहन झाली नसती. स्तुती करणाऱ्या माणसाकडे ते हॉटेलातल्या पातळ रश्श्याकडे पाहावे तसे पाहत. हयातभर त्यांनी बहुतेकांना तुच्छ लेखले. ज्यांच्या हाताखाली नोकरी केली ते कप्तान, आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी, टीव्हीवर युद्धाविषयी बोलणारे तज्ज्ञ, रंकाळ्यावर लाइफ जॅकेट घालून फोटो काढणारे पाहुणे आणि मी. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर कोल्हापुरात शाहूपुरीतल्या त्यांच्याच इमारतीत राहायला आलो. शेवटपर्यंत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "ग्रंथपाल" असे ते म्हणत आणि त्यात 'ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तके झटकली असा इसम' हा अर्थ ऐकू येई.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिले ते सोसायटीच्या सभेत. सेक्रेटरी नागरिकांच्या कर्तव्यांवर बोलत होते. मागच्या खुर्चीवर बसलेला एक ताठ, काळासावळा माणूस शेजाऱ्याला सांगावे तसे, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्याला पाण्याची टाकी भराय येत न्हाय आणि भाषण करालाय." सभा तिथेच संपली. जिन्यात त्यांनी मला विचारले, तुम्ही का हसला नाहीत. मी म्हणालो, सेक्रेटरी माझ्याकडे पाहत होते. "म्हंजे तुम्ही भित्रं हाय," ते म्हणाले, आणि चहाला घेऊन गेले.

मगदूम कागलच्या पलीकडच्या एका खेड्यातले. घर शेतकऱ्याचे. त्या गावातून समुद्राकडे गेलेला तो पहिला माणूस. इंग्रजी ते उत्तम बोलत, पण नोकरी सोडून आल्यावर त्यांनी ती भाषा युनिफॉर्मसारखी ट्रंकेत टाकली. आल्यागेल्याशी गावाकडच्याच बोलीत बोलत. कुणी पाहुण्याने विचारले, नेव्हीत हुता म्हणं, मासं लई खाल्लं असशीला, की ते म्हणत, "न्हाय पावणं. माशांनी आमाला खाल्लं न्हाय, एवढंच." पाहुणा हसे. मगदूम हसत नसत.

त्यांची बहुतेक नोकरी एकाच फ्रिगेट स्क्वाड्रनमध्ये गेली. फ्रिगेट म्हणजे मधल्या आकाराची लढाऊ नौका. अशा तीन नौकांचा तो ताफा. त्यांची नावे मी लिहीत नाही. कारण पुढे येईल. मगदूम स्वतः त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत, एका घरातल्या जावांसारखे. थोरलीचा कप्तान तोच सगळ्या ताफ्याचा प्रमुख. मगदूम थोरलीवर दुय्यम अधिकाऱ्याच्या जागेपर्यंत पोचले. नौकेवर कप्तानानंतर त्याचाच शब्द. पण त्यांना स्वतःचे जहाज कधी मिळाले नाही. नौदलात 'जहाज मिळणे' ही एकच गोष्ट खरी मानतात. ज्याला ते मिळाले नाही त्याच्याशी बाकीचे फार गोड बोलू लागतात. मगदूमांनी तो गोडवा काही वर्षे सोसला आणि राजीनामा दिला.

तिन्ही जावांचे पुढे काय झाले हे सांगताना त्यांचा आवाज सपाट होई. थोरली भंगारात निघाली. मधलीला सरावासाठी लक्ष्य करून आपल्याच लोकांनी बुडवले. धाकटीचे संग्रहालय करायचे म्हणून ठेवून घेतली आणि ती धक्क्याला बांधल्या जागी गंजली. "संग्रहालय झालं असतं तर तिकीट काढून ह्येच सेक्रेटरी बघाय गेलं असतं," ते म्हणाले. "गंजली ती बरी."

या स्क्वाड्रनचा इतिहास ते मराठीत लिहीत होते. इंग्रजीत का नाही, असे मी विचारले तेव्हा म्हणाले की इंग्रजीत लिहिले तर ते कप्तान वाचतील, आणि वाचून एकमेकांना पार्ट्या देतील. पुस्तकाची मांडणी प्रमुखांच्या क्रमाने होती. पहिले, दुसरे, तिसरे, असे एकेक प्रकरण, मध्ये ताफ्याच्या सफरी, युद्धकाळातली गस्त, वादळे. सफरींची वर्णने लांब आणि सुरेख होती. प्रमुखांना ते चार ओळी देत.

माणूस तोलण्याची त्यांची एक रीत होती. पदके, भाषणे, बढत्या त्यांनी बाजूला ठेवल्या होत्या. कप्तान आपली नौका धक्क्याला कशी लावतो एवढेच ते पाहत. जेवणाच्या टेबलाची कड म्हणजे धक्का, काडेपेटी म्हणजे थोरली. वारा कुठून आहे ते फुंकर मारून दाखवत आणि काडेपेटी कडेला आणत. घाबरट कप्तान ती लांबच थांबवी आणि दोरखंडांनी ओढून घेई. फुशारकी मारणारा वेगात आणून शेवटच्या क्षणी इंजिने उलटी फिरवी आणि टेबलावरची वाटी सांडे. वहिनी फडके घेऊन उभ्याच असत. "एकदा ह्यांनी सगळं आरमार माझ्या आमटीत बुडवलंय," त्या मला म्हणाल्या.

मग ते चार ओळी लिहीत. दुसऱ्या प्रमुखांविषयी लिहिले आहे : 'यांच्या कारकिर्दीत नौका वारंवार रंगवली गेली. आणखी काही झाले नाही.' तिसऱ्यांविषयी : 'यांना समुद्र फार आवडे. समुद्राचे मत नोंदवलेले नाही.' पाचवे 'संकटात अत्यंत शांत राहत. संकट बहुधा दुसऱ्या नौकेवर असे.' चौथ्यांविषयी एकच ओळ आहे, 'यांनी नौका धक्क्याला लावली.' पहिल्या वाचनात मला ती अपुरी वाटली. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सांगितले की याहून मोठी स्तुती त्यांना येत नाही.

छापखान्यातून आलेली त्यांची मुद्रिते मी तपासत असे. रोज संध्याकाळी खाली जाऊन बसायचे, ते वाचायचे, मी खुणा करायच्या. त्यांच्या तुच्छतेतला निम्मा भाग अन्यायाचा होता असे मला तेव्हाही वाटे आणि आजही वाटते. दुसऱ्या प्रमुखांनी नौका रंगवण्यापलीकडे काही केलेच नसेल हे शक्य नाही. छापखान्याच्या मालकाला ते ज्या शब्दांत फोन करत ते लिहिण्याजोगे नाहीत. वहिनींनी केलेल्या पदार्थाला त्यांनी कधी चांगले म्हटले नाही. दुसऱ्यांदा वाढून घेत, एवढेच. पण त्या चार चार ओळी वाचताना माझ्या लक्षात आले होते की हा माणूस एकाच प्रकरणाची तयारी करतो आहे. बाकीच्यांना मारलेल्या टपल्या होत्या. सातव्याला धरून आणायचे होते.

सातव्या प्रमुखांच्या वेळी मगदूम थोरलीवर दुय्यम अधिकारी होते. ताफा लांबच्या सफरीवरून परतत होता. बंदरात स्वागताला वरिष्ठ उभे होते, बँड होता, अधिकाऱ्यांची कुटुंबे होती. ओहोटी होती. नौकेचा मार्ग आखणारा अधिकारी एक तरुण लेफ्टनंट होता. त्याला आपण साळगावकर म्हणू. त्याने कप्तानांना सांगितले की पाणी कमी आहे, भरती येईपर्यंत बाहेर थांबावे. कप्तान म्हणाले, बँड थांबणार नाही. साळगावकरने पुन्हा सांगितले. मगदूम शेजारीच उभे होते, त्यांनीही सांगितले. नौका आत नेली गेली आणि तिचा पाण्याखालचा पंखा तळाच्या खडकाला घासून वाकला. कुणाला इजा झाली नाही. बँड वाजला.

चौकशी बसली. कप्तानांनी सांगितले की साळगावकरने पाण्याची खोली चुकीची सांगितली. मगदूमांनी साक्षीत जे घडले ते सांगितले. चौकशीने कप्तानांना समज दिली आणि साळगावकरला शिक्षा. मार्ग आखणाऱ्याला एकदा शिक्षा झाली की पुढे कोण विचारतो? वर्षभरात त्याने नोकरी सोडली. कप्तान चढत चढत फार वर गेले. मगदूमांना जहाज मिळाले नाही.

सातवे थोरलीवरून बदलून गेले त्या दिवसाची हकीकत मगदूम सांगत तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उजळे. जाणाऱ्या कप्तानाला फुलांनी सजवलेल्या जीपमध्ये बसवतात आणि त्याचे अधिकारी पांढरे दोर धरून ती जीप धक्क्यावरून ओढत नेतात, असा रिवाज आहे. दोराचा पहिला हात दुय्यम अधिकाऱ्याचा. मगदूम हात मागे बांधून उभे राहिले. जीप सुरुवातीला हललीच नाही. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. मग बाकीच्यांनी ओढली. जवळून जाताना कप्तानांनी हसत विचारले, काय मगदूम, पाठ दुखते का. मगदूम म्हणाले, नाही सर, पाठ उत्तम आहे.

सातवे प्रकरण चार ओळींचे नव्हते. पंधरा-वीस पानांचे होते, आणि त्यात एकही तिरकस वाक्य नव्हते. ओहोटी, खोली, कोण काय म्हणाले, चौकशीत काय विचारले. शेवटी लिहिले होते की लेफ्टनंट साळगावकर निर्दोष होते. हे एक वाक्य छापले जावे म्हणून मगदूमांनी तीन नौकांचा सगळा इतिहास लिहिला होता, असे मला वाटते. त्यांना काही विचारायची सोय नव्हती.

मुद्रिते तयार झाल्यावर त्यांनी साळगावकरांना पुण्याहून बोलावून घेतले. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांचा फक्त दिवाळीचा फोन होत असे. का बोलावले हे फोनवर सांगितले नाही. त्या रविवारी कमांडरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वहिनींना मटणात मीठ बघून घाल असे दोनदा सांगितले होते. मलाही थांबवून घेतले. साक्षीदार हवा होता बहुधा.

साळगावकर आता केस पांढरे झालेले, हळू बोलणारे गृहस्थ होते. एका कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी प्रकरण वाचले, परत पहिल्या पानापासून वाचले. चष्मा काढून पुसला. मगदूम खिडकीपाशी उभे होते. इतके उतावळे झालेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"सर, हे सगळं खरं आहे," साळगावकर म्हणाले.

"मग?"

"हे छापू नका."

साळगावकरांनी सांगितले ते थोडक्यात असे. घरी त्यांनी कधी काही सांगितले नव्हते. समुद्राचा कंटाळा आला म्हणून नोकरी सोडली, एवढेच मुलांना माहीत होते. धाकटी मुलगी वडिलांच्या गोष्टी ऐकत वाढली आणि नौदलात गेली. नौकांचे मार्ग आखण्याचेच काम शिकते आहे. चौकशी, शिक्षा, यातले तिला काही ठाऊक नाही.

"तू चांगला हुतास, हेच लिवलंय की मी," मगदूम म्हणाले. "तुझ्या बाजूनं लिवलंय."

"तुम्ही लिहिलंय की मी निर्दोष होतो. निर्दोष म्हणायचं तर आधी आरोप सांगावा लागतो, सर. तिच्या जहाजावर कुणीतरी तेवढाच वाचेल."

"भितोस तू."

"हो सर."

एवढ्यावर कमांडर काहीतरी जळजळीत बोलतील म्हणून मी खाली मान घातली. ते म्हणाले, "चला, जेवून घ्या. निवतंय." जेवताना पुण्याचे पाणी, गुडघेदुखी आणि मुलीची पहिली सफर, असे बोलणे झाले. मुलीला बोट लागत नाही हे ऐकून मगदूमांनी मान हलवली. संध्याकाळी ते साळगावकरांना बसस्टँडवर सोडून आले, खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, सातवं काढा.

मी क्वचितच वाद घालतो. त्या दिवशी घातला. मी म्हणालो, घडले ते घडले. एका माणसाच्या संकोचासाठी इतिहासातून घटना गाळता येत नाही. त्यांनी मला पूर्ण बोलू दिले. मग म्हणाले, "इतिहासाला पोरंबाळं हायत का, ग्रंथपाल?"

घटना काढली, पण माणूस उरला. आठवडाभर ते सातव्यांसाठी चार ओळी शोधत होते. बंदरातले ते प्रकरण नसले की सातवे म्हणजे एक कर्तबगार अधिकारी : ताफा लांब फिरवून आणला, पुढे मोठ्या पदाला गेले. तसे लिहायला मगदूमांचा हात उठेना. टोमणा लिहून पाहिला, तर त्यांचे त्यांनाच तो ज्याला जहाज मिळाले नाही त्याचा मत्सर वाटला. "कारण दिल्याशिवाय थुकलं, की आपल्याच अंगावर उडतंय," ते म्हणाले. नुसते नाव आणि खाली कोरी जागा ठेवावी असे मी सुचवले. ते म्हणाले, लोक विचारतील कोरी का, आणि विचारत विचारत पुण्याला जातील.

शेवटी त्यांनी सातव्यांना पुस्तकातून काढून टाकले. नावासकट. त्यांच्या काळातली ती सफर सहाव्यांच्या प्रकरणाला जोडली. वेलांटी चुकली तर छापखान्यात फोन करणारा हा माणूस आपल्या पुस्तकात एवढी ठळक चूक स्वतः घालत होता. मी म्हणालो, लोक मोजतील. तुमचे हसे होईल.

"हसू द्या. आजवर मी हसलो की."

हसे झाले. इंग्रजीत लिहिले नव्हते तरी ज्यांना पोचायचे त्यांना ते पोचले. बरोबरीच्या निवृत्त अधिकाऱ्यांचे फोन आले. एकाने विचारले, अहो मगदूम, आख्खा प्रमुख विसरलात? दुसऱ्याने तर इतिहास पुन्हा तपासून देण्याची तयारी दाखवली. मगदूम प्रत्येकाला एकच उत्तर देत, वय झालं, राहिला. फोन ठेवला की पलीकडच्याविषयी एक शब्द उच्चारत. तो शब्द गाढव याच्या जवळपासचा होता. पण फोनवर कधी नाही. आयुष्यात प्रथमच त्यांच्याशी कुणीही वरच्या स्वरात बोलू शकत होते, आणि ज्यांनी ती संधी घेतली त्यांची यादी करायची तर स्क्वाड्रनचा दुसरा खंड होईल.

त्यांच्या मागे शोकसभा झाली. आमच्या सेक्रेटरींनी भरवली. त्यांना बोलायला हवेच होते. नौदलातले एक निवृत्त अधिकारी मुख्य वक्ते होते. त्यांनी मगदूमांच्या रोखठोक स्वभावाचे कौतुक केले. मगदूम समोर असते तर हे गृहस्थ खोकून बसले असते. मग त्यांनी सातव्या प्रमुखांनी पाठवलेला संदेश वाचून दाखवला. सातवे आता ऐंशीच्या पुढे आहेत. संदेश मोठ्या मनाचा होता : मगदूम हे उमदे सहकारी होते. अखेरच्या काळात त्यांची स्मृती क्षीण झाली आणि इतिहास लिहिताना त्यांना आमचा विसर पडला, याबद्दल आमच्या मनात जराही राग नाही. सभागृहात हलकेसे हसू पसरले, समजूतदार माणसे हसतात तसे.

साळगावकर मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी उठायला सुरुवात केली होती. वहिनींनी मागे वळून पाहिले आणि मान हलवली, नको म्हणून. ते बसले. मग वहिनी माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "ऐकलासा का भाऊजी? माफ केलं म्हणं ह्यास्नी." त्यांच्या आवाजात मला कमांडर ऐकू आले.

हे लिहायच्या आधी मी साळगावकरांना फोन केला. ते म्हणाले, लिहा, फक्त सगळी नावे बदला. म्हणून बदलली आहेत. मगदूम हेही कमांडरांचे आडनाव नाही. त्यांनी यावर नाक मुरडले असते आणि मला भित्रा म्हटले असते.

साळगावकरांची मुलगी समुद्रावर आहे. वहिनींच्या पुढच्या खोलीत पुस्तकाचे गठ्ठे आहेत. कुणी मागितले तर त्या देतात, फारसे कुणी मागत नाही. त्यात सहावे प्रमुख आहेत आणि आठवे आहेत. सातवे नाहीत.